सेन्सर गेलाय, पार्ट मागवावा लागंल

११ ऑक्टोबर, शनिवार

माझं आयुष्य आज वसमत रोडवरच्या एका घराच्या उंबऱ्यावर फिरलं. बेल दाबली आन् दार निकितानं उघडलं.

हे कुणाला सांगता येणार नाही, आन् सांगितल्याशिवाय मी फुटून जाईन, म्हणून ही वही. मी कामाला आहे त्या भागवतमामाच्या दुरुस्तीच्या दुकानात कोरी पडून होती, उचलली.

मी खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून उभा. ती गळ्यात मंगळसूत्र घालून उभी. मे महिन्यात लग्न झालं एवढंच मला माहीत होतं. नवरा कोण, घर कुठं, मी मुद्दाम कुणाला विचारलं नव्हतं. परभणीतच निघालं. दुकानापासून गाडीवर निघालं की तोंडातलं पान संपायच्या आत यावं इतक्या जवळ.

आतून बाईचा आवाज आला, "कोण हाय गं?"

"मशीनवाले आलेत, आई."

मशीनवाले. आलेत. अडीच वर्षं पॉलिटेक्निकला आमी एका टेबलावर सर्किट जोडले. भर लॅबमधी ही मला "ए बिऱ्या" म्हणून ओरडायची. आन् आज मी मशीनवाले.

सासू कमलबाई, साठीच्या आसपास, हातात सुती मोजे घातलेली. उकाड्यात मोजे कशाला ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. माझं लक्ष कुठं होतं?

"बगा वो दादा, ही भांड्याची मशीन. पुण्याच्या पुतण्यानं नवी घेतली आन् जुनी आमच्या गळ्यात घातली. चांगली चालायली होती. दसऱ्यापासून रुसली. थोडं पाणी घेती, टूं टूं करती आन् ई चार म्हणून बसून राहती."

ई चार म्हणजे तापमानाचा सेन्सर. मशीनच्या पोटात तळाला बोटाच्या पेराएवढा असतो. पाणी थंड असलं तर त्याचा रोध जास्त, पाणी तापलं की कमी. त्यावरून मशीन ठरवते हीटर कधी बंद करायचा. सेन्सरकडून निरोपच येईना झाला, की ती पुढं जात नाही, तिथंच थांबते. माणसापेक्षा शहाणी.

मीटर लावला. सेन्सर ठणठणीत होता. मग वायर धरून मागं मागं गेलो. खालचा पत्रा काढला तर कनेक्टर हिरवा पडलेला, चिकट, त्यावर मुंग्यांची रांग. आन् कुंकू.

"खंडेनवमीला पुजली का मशीन?"

"पुजली की!" कमलबाई खूश झाल्या. "मिक्सर पुजला, शिलाईची मशीन पुजली, आदिनाथची गाडी पुजली. हिला तर हार घातला. पुढ्यातच नारळ फोडला."

नारळाचं पाणी फटीतून आत गेलं होतं. गोडं पाणी तांब्याला खातं. दहा मिनिटाचं काम. स्पिरिटनं पुसायचं, घासायचं, परत खोचायचं. मामानं असले कितीतरी माझ्याकडून करून घेतलेत.

स्पिरिटची बाटली मी हातात घेतली होती. तेवढ्यात ती स्वयंपाकघराच्या दारात आली आन् माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडं बघून म्हणाली, "तुम्हाला चहा चालंल का?"

तुम्हाला!

बाटली मी पिशवीत ठेवून दिली.

"सेन्सर गेलाय," म्हणलं. "पार्ट मागवावा लागंल."

"किती दिवस?"

"दिवाळीच्या पुढंमागं. आपल्या हातात काय न्हाई."

कमलबाई "अगं माय" म्हणून खाली बसल्या. निकिताचं तोंड उतरलं. मला तेच पाहिजे होतं. चहा न पिता निघालो.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर मनातल्या मनात तिला भांडी घासताना बघितलं. काळी कढई, दुधाचं करपलेलं पातेलं, तूप चिकटलेली परात. त्या हाताला कधी सोल्डरिंगचा साधा चटका बसला तर मी फुंकर घालायचो. आता घास.

लोकं म्हणतात विसरून जा. कामून विसरू? मी तिच्यासाठी काय नाही केलं? माऊली तिच्याशी कँटीनमधी डोकं डोक्याला लावून हसत बोलायला होता. माझा जिगरी दोस्त म्हणवणारा माऊली. मी एकदाच सांगितलं, ऊठ. नाही उठला. मग उठवला. खुर्ची उचलली तेव्हा सगळी कँटीन रिकामी झाली, तीसुद्धा भिंतीला जाऊन चिकटली. तेव्हा तिला कळलं असंल की हा माणूस आपल्यासाठी जीव घेईल. कॉलेजनं काढलं म्हणतात लोक. मीच सोडलं. परत पाय ठेवला नाही.

आन् तिनं काय केलं? फोन बंद. एक शब्द नाही. दोन वर्षाच्या आत नोकरीवाल्याच्या घरी. मी धनगराचा. बाप मेंढरं घेऊन सहा महिने गोदाकाठानं हिंडतो, माय केवळाबाई डोक्यावर कोंबड्याची पाटी घेऊन मागं. असल्या घरात कोण पोरगी देणार? तिच्या बापानं नाही म्हणलं असणार आन् तिनं मान डोलावली असणार. मला सगळं माहीत आहे. विचारायची गरज नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

"मॉडेल नंबर घ्यायचा राहिला" म्हणून आज गेलो. मामानं विचारलं होतंच, "लेका बिरदेव, वसमत रोडच्या त्या घरी किती चकरा? मशीनवर जीव जडला का काय?" दुकानातले दोघं खिंकाळले.

मला तिचे हात बघायचे होते.

बघितलं काय, तर बेसिनपाशी नवरा. पॅन्ट दुमडलेली, पोटाला बायकोची ओढणी बांधलेली, चष्म्यावर फेस. आन् ही बाजूला खुर्चीवर बसून कोरड्या फडक्यानं एकएक ताटली पुसायली. मधूनमधून मीठ लावलेला आवळा चघळायली. तो काहीतरी बोलला आन् ही अशी हसली की ताटली मांडीवर पडली.

"या या दादा!" तो म्हणला. "सध्या या घरातला डिशवॉशर मी. माझा सेन्सर मात्र चांगलाय, आई तापली की लगेच कळतं."

"जास्त बोलू नको, त्या तांब्याला राख रायलीय," कमलबाई म्हणाल्या.

आदिनाथ नाव त्याचं. विद्यापीठात माती तपासायच्या लॅबमधी आहे. माझ्याशी असा बोलला जसं आमी एका गावचे.

मी म्हणलं, "साहेब, तुमी कामून? घरात बायामाणसं हायत की."

मला तिला टोचायचं होतं. उत्तर कमलबाईंनी दिलं. मोजे काढून दोन्ही हात माझ्यापुढं धरले. बोटांना चिरा, लाल, कातडं उकललेलं. "हे बगा. इसब. साबणाचं पाणी लागलं की रातभर आग. माझ्यासाठीच आणलीय ती मशीन. आन् हिला मी ओल्यात उभं राहू देत न्हाई, वाकू देत न्हाई. मग राहिला कोण? हाच."

हिला ओल्यात उभं राहू देत नाही! महाराणी! पाच महिन्याची सून, खुर्चीवर बसून आवळे खायची. मी जन्मात बघितली नाही अशी सासू.

तेवढ्यात शेजारच्यांनी फोडणी टाकली, लसणाचा वास आला. निकिता एकदम उठली, तोंडाला ओढणी लावून मोरीकडं पळाली. आतून उबळ काढल्याचा आवाज आला. मला बघून तिला ओकारी येते. एवढी घाण वाटतो मी तिला. आन् नवरा हात धुऊन मागं पळाला, तिच्या पाठीवरून हात फिरवायला.

मी मॉडेल नंबरही न घेता बाहेर आलो. गाडीला किक मारली.

मी मशीन बंद पाडली आन् त्यातून त्यांनी काय काढलं, तर हसणं. बरंय. आता मशीन चालू करतो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

"पार्ट आला" म्हणून गेलो. काय केलं ते लिहून ठेवतो. लपवायचं कुणापासून?

चांगला सेन्सर काढून खिशात टाकला. त्याच्या जागी, हिरवा कनेक्टर टाळून थेट वायरींना, एक साधा रेझिस्टर लावला, दहा हजार ओहमचा. त्याचा रोध कधी बदलत नाही. त्यामुळं पाणी किती का तापंना, मशीनला वाटत राहणार पाणी पंचवीस डिग्री आहे, थंड आहे, अजून तापव. असल्या वेळी हीटर तोडायला एक दुसरा कटआउट असतो. पण तो आधीच्या कुण्या मेकॅनिकनं जळाला म्हणून सरळ जोडून टाकलाय. मला दिसला. मी दुरुस्त केला नाही.

भागवतमामानं पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, "मशीनला खोटं सांगून चालू करायची न्हाई. ज्यानं केलं त्यानं हत्यारं ठेवून घरी जायचं." मामाला काय माहीत माझं काय जळतंय ते.

थंड पाण्याचा छोटा धुवा लावून दाखवला. भांडी चकचकीत निघाली. कमलबाईंनी मशीनवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

आदिनाथ म्हणला, "आता मशीनला मी हात लावू देणार न्हाई कुणाला. भरायची मी, काढायची मी. आईचं काय, एक पेला राहिला की चालू मशीन उघडती."

"मग? एका पेल्यासाठी परत एवढं पाणी घालवू का?" कमलबाई म्हणाल्या. "दादा, मधी उघडलं तर चालतं ना वो?"

मशीन चालू असताना दार उघडलं की पाणी थांबतं, ते खरं. पण आत पाणी उकळत असलं तर वाफ सरळ तोंडावर येते. मी आदिनाथकडं बघितलं. भरायची मी, काढायची मी. चष्म्यावर फेस, ओठावर हसू.

"चालतं की," म्हणलं. "खुशाल उघडायचं."

निकिता भिंतीला टेकून उभी होती. पहिल्यांदा तिनं सरळ माझ्या डोळ्यात बघितलं. कपाळाला एक आठी. लॅबमधी रीडिंग चुकलं की अशीच आठी पडायची तिच्या कपाळाला. मी मान फिरवली नाही. बघ म्हणलं मनात.

१८ ऑक्टोबर, शनिवार

फोन आला नाही. धनत्रयोदशी. दुकानात मिक्सर-फ्रिजची झुंबड. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून बघतो. दोनदा मामा म्हणला, "फोन तुझ्या सासऱ्याचा हाय का? एवढा दचकायलास!"

त्याच्या तोंडावर वाफ येईल. चष्मा असल्यानं डोळे वाचतील. मी तेवढा वाईट नाही. आठवडाभर तोंडाला पांढरं मलम लावून हिंडेल. ती फुंकर घालेल का? घालू दे. बघू किती दिवस हसते त्या तोंडाकडं बघून.

१९ ऑक्टोबर, रविवार

काहीच नाही. एक तर मशीन लावत नाहीत, नाही तर रेझिस्टर निसटला. जाऊन बघावं वाटलं. नाही गेलो.

मायचा फोन आला. सोनपेठच्या अलीकडं नदीकाठाला मेंढरं बसवलीत. "दिवाळीला येतूस का रं? तुझ्यासाठी एक कोंबडा ठिवलाय." म्हणलं, काम आहे. "कसलं काम?" एका घरची मशीन बिघडलीय म्हणलं. "मग नीट करून दे, आन् ये," ती म्हणली.

२० ऑक्टोबर, सोमवार

आज आदिनाथ स्वतः दुकानात आला. हातात पेढ्याचा पुडा.

मी काउंटरमागं. मला वाटलं आता कॉलर धरतो. मी पेचकस मुठीत घट्ट धरला. यानं पुडा उघडून माझ्यापुढं धरला.

"घ्या दादा. आई म्हणती इतक्यात कुणाला सांगायचं न्हाई. पण तुमाला सांगायलाच पाहिजे. निकिताला तिसरा चालूय. तिला वासच सहन होईना, वाकलं की चक्कर. त्या दिवशी तुमच्यासमोर पळाली ना मोरीत, मी म्हणलं दादाला काय वाटलं असंल! तुमी मशीन वेळेवर दिली, लय उपकार झाले."

पेढा माझ्या हातात होता. मामा मागून म्हणला, "खा की लेका. का सोवळ्यात हायस?"

मी खाल्ला.

"मशीन कशी चाललीय?" मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"अजून छोटाच धुवा लावतोय, थंड पाण्याचा. दोघातिघांचे भांडे किती! उद्या लक्ष्मीपूजन. चुलते येणार, आत्या येणार, तळणाचे, तुपाचे भांडे. उद्या पयल्यांदा मोठा गरम धुवा लावायचा. मला सुट्टी असून लॅबमधी जावं लागतंय, यायला तीन वाजतील, निकिता म्हणली मीच लावते, मशीनला काय वाकावं लागतंय?"

उद्या. निकिता.

तो गेला. मी मिक्सरचा जार हातात घेऊन उभा राहिलो तर मामा म्हणला, "काय रं, पांढरा पडलास. पेढा बाधला?"

आता खोलीवर बसून लिहितोय. जायचं का नाही?

जाऊन सांगायचं काय? रेझिस्टर लावला होता, काढायला आलो? आन् ती माझ्याकडं कशी बघेल? मी तिला दोन वर्षं मनात रोज शिव्या दिल्या, रोज तिचं वाईट चिंतलं. आता वाईट व्हायला एक दिवस राहिला तर माझेच हात थंड पडलेत. हे बरोबर नाही. तिनं फोन बंद केला तेव्हा माझं काय झालं ते तिनं विचारलं? मी तीन दिवस स्टेशनच्या बाकड्यावर बसून होतो. आन् ती आता नवऱ्याच्या पोटाला ओढणी बांधते.

आन् कदाचित काहीच होणार नाही. ती हुशार आहे. ती मधी उघडणार नाही. मशीन मधी उघडायची सवय सासूला आहे, तिला नाही.

सासूला.

कमलबाईंचे ते हात डोळ्यापुढून जाईनात.

जेवणाची भांडी निघाल्याशिवाय ती मशीन लावणार नाही, उद्या दुपारी तीनच्या आधी जाईन. सकाळी जाणार नाही. सकाळी गेलो तर तिला वाटेल मी धावत आलो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

साडेबाराला गेलो. दार उघडंच होतं. उंबऱ्यावर झेंडूचं तोरण, ओल्या रांगोळीवर कुणाचा तरी पाय पडलेला.

स्वयंपाकघरात मशीनचा प्लग काढून ठेवला होता. खालचा पत्रा सोडवून भिंतीला उभा केलेला. ओट्यावर स्टीलच्या ताटलीत माझा रेझिस्टर. शेजारी आदिनाथचा घरगुती पेचकस, त्याची मूठ चिकटपट्टीनं गुंडाळलेली. अन् निकिता खुर्चीवर बसून माझी वाट बघत होती. असं बसली होती की मी येणार हे तिला माहीत होतं.

"हळू बोल," ती म्हणाली. "आई आत पडल्यात."

'बोल' म्हणाली. 'बोला' नाही. हाच शब्द ऐकायला मी मरत होतो.

"काय झालं?"

"सकाळीच लावली आम्ही. तळणाचे भांडे होते. मी सारखी मशीनच्या पडद्याकडं बघत होते. पंचवीस. दहा मिनिटांनी पंचवीस. पत्र्याला हात लावला तर हात ठरेना, अन् मशीन म्हणती पंचवीस. मी प्लग काढायला उठले तेवढ्यात आईंनी एक वाटी आत ठेवायला दार उघडलं."

मी भिंत धरली.

आतून कमलबाईंचा आवाज आला, "मशीनवाले दादा आले का गं?"

"आलेत, आई."

त्या बाहेरच आल्या. उजव्या हाताला मनगटापर्यंत ओलं फडकं, वरून कोरफडीचा गर निथळायला. हनुवटीखाली लाल डाग. त्या चिरलेल्या बोटांवर वाफ बसली होती. आन् त्या माझ्याकडं बघून ओशाळ्यासारखं हसल्या.

"दादा, तुमी सांगितलं होतं उघडलं तर चालतं. पण मीच लय तोंड घालून उघडलं. माझीच घाई नडली बगा. तुमचा आख्खा सण मोडला."

मी त्या फडक्याकडं बोट दाखवलं.

"डॉक्टरकडं—"

"आदिनाथ आला की जाऊ. काय मरत न्हाई. चुलीवर स्वयंपाक केलेले हात हायत हे." मग निकिताला म्हणाल्या, "त्यांला करंजी दे. सणाचं कोरड्या तोंडानं जाऊ देऊ नको." आन् आत गेल्या.

निकितानं करंजी दिली नाही. ताटली माझ्याकडं सरकवली.

"हे काय हाय?"

"रेझिस्टर."

"ते मला कळतं. माझ्याच शेजारी बसून तू याच्यावरचे रंगाचे पट्टे पाठ करायचास, अन् रोज चुकायचास. हे कामून केलं ते सांग."

"मला तुला नव्हतं..." मी ताटलीकडं बघितलं. "मला त्याला..."

"त्यांना भाजायचं होतं?"

आत पलंग कुरकुरला, कमलबाईंनी कूस बदलली असावी. आमी दोघं तोवर थांबलो.

"तुझ्या बापानं मला नाही म्हणलं," मी म्हणलं. माझ्याकडं एवढंच राहिलं होतं. "धनगर म्हणून. मेंढरामागचा म्हणून. आन् तू गप बसलीस."

ती माझ्याकडं बघत राहिली. राग नव्हता तिच्या तोंडावर, तो असता तर बरं झालं असतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे?"

"मी घरी तुझं नाव घेतलं होतं, बिरदेव. सगळं सांगितलं. मेंढरं, केवळामावशी, सगळं. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. तिसऱ्या दिवशी म्हणले, रविवारी घेऊन ये त्याला, बघू तर पोरगं कसंय. मला काय सुचंना. तुला कसं सांगावं, काय घालून ये म्हणावं, बाबांपुढं तोंड सांभाळ म्हणावं कसं. तू तर लगेच पेटतोस. म्हणून मी माऊलीला गाठलं. तुझा दोस्त म्हणून. कँटीनमधी आमी तेच ठरवायलो होतो. तो म्हणला, त्याला माझा निळा शर्ट देतो. त्यावर हसलो आमी."

मी खाली बसलो. फरशीवरच.

"मी मधी आले होते तेव्हा. 'ऐक' म्हणून ओरडले. तू ती खुर्ची माझ्यावरच उचलली होतीस. तुला आठवतं का तरी? माऊलीचा जबडा तारेनं बांधला होता दोन महिने. मी बाबांना काय सांगणार होते? रविवारी येणारा हाच म्हणून?"

"फोन तर करायचास."

"भ्याले होते तुला." एवढं ती अगदी हळू म्हणाली. मग पोटावर हात ठेवला, मला दाखवायला नाही, आपसूक. "अन् त्या दिवशी तू 'खुशाल उघडायचं' म्हणलास तेव्हा परत भ्याले. पण मला वाटलं, एवढं न्हाई करणार हा. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. तेवढ्यापायी आईंचा हात भाजला. आता ऊठ. मशीन नीट करून दे."

मी खिशातला सेन्सर काढला. चार दिवस खिशात होता, कापडाचे धागे चिकटले होते. कनेक्टर स्पिरिटनं पुसला, ब्रशनं घासला, हिरवं सगळं गेलं. कटआउटची सरळ जोडलेली वायर तोडून पिशवीतला नवा कटआउट बसवला. पेच दोनदा खाली पडला. तिनं टॉर्च धरला.

मग तिनं रिकामी मशीन गरम पाण्यावर लावायला लावली आन् मला समोर उभं केलं. पडद्यावर सव्वीस आलं. मग एकतीस. मग चाळीस. तिची नजर आकड्यावर, माझी फरशीवर. पासष्टला हीटर बंद झाल्याचा 'टक्' आवाज आला, तेव्हा तिनं सोडलेला श्वास मी ऐकला.

"त्यांना सांगणार का?" मी विचारलं.

"न्हाई. सांगितलं तर ते तुझ्याशी भांडायला यायचे न्हाईत. आपणच मशीन नीट बघायला पाहिजे होती म्हणून रडत बसतील. मला ते बघायचं न्हाई." मग म्हणाली, "भागवतमामाला मात्र तू सांगायचं. तू स्वतः. मला कळंल सांगितलं का न्हाई ते. दुसऱ्या घरात असं व्हायला नको."

"मामा हत्यारं ठेवून घेईल."

"घेऊ दे."

मी पिशवी उचलली. मला अजूनही तिच्यावर चिडायचं होतं. दोन वर्षं ज्याच्यावर मी जगलो ते एका दुपारी कुणी काढून घेतलं तर माणसानं काय करायचं? मी आत जोर लावून राग शोधला. "तू सांगायला पाहिजे होतंस" असं म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून कमलबाई कण्हल्या. झोपेत, हात कुठंतरी लागला असावा. मी तोंड मिटलं.

"जाताना दार लाव," निकिता पाठमोरी म्हणाली, सासूकडं जाता जाता. "बाहेरचं मांजर सारखं दुधावर टपलंय."

मी उंबरा ओलांडला. चपला घातल्या. तिचा आवाज येत होता आतून, "आई, फडकं बदलू का?" मी दार हळू ओढलं, जोरात लागलं तर म्हातारी उठेल म्हणून, आन् कडी बसल्यावरच हात काढला.